चार मतं फुटली

आमच्या लोकसभा मतदारसंघाचं नाव माझ्यादेखत बदललं. माझ्या लहानपणी तो कुलाबा होता. जिल्हा केव्हाच रायगड झाला होता, पण मतदारसंघाला जुनंच नाव चिकटलेलं होतं. पुढे पुनर्रचना झाली. पनवेल, उरण, कर्जत हे घाटापलीकडच्या मावळाला जोडले गेले आणि आमच्यात बाणकोटच्या खाडीपलीकडचे दापोली-गुहागर येऊन बसले. रोहे तालुका तर विधानसभांसाठी वाटूनच टाकला. मी मोजणी खात्यातला माणूस. हद्द हलली की जमीन हलत नाही, हे मला नोकरीत रोज बघावं लागतं, पण माणसांचं तसं नसतं. या मतदारसंघाचा इतिहास सांगणारे लोक पेणला आणि रोह्याला पुष्कळ आहेत. कोण कुणामुळे पडला, कुणी कुणाची मतं खाल्ली, हे ते बाजारपेठेत उभ्या उभ्या सांगतात. मला त्यातलं एकच मतदान केंद्र नीट ठाऊक आहे. ते आमच्या गावच्या शाळेतलं, आणि तेही एकाच निवडणुकीपुरतं. पक्षांची आणि उमेदवारांची नावं मी लिहिणार नाही. त्यांनी नंतर इतकी अदलाबदल केली की नावांनी वाचकाचा गोंधळच होईल. गावात तेव्हा दोनच शब्द होते, ‘आपले’ आणि ‘समोरचे’. तेवढे पुरे आहेत.

आमचं गाव कोलाडपासून आत, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. बाबा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात आणि उरलेल्या वेळात शेती करत. घरात मोठी माणसं चार. बाबा, आई, माझी मोठी बहीण संगीता आणि बाबांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. मी बारावीत होतो, माझं नाव यादीत यायचं होतं. घराचा आवाज म्हणजे मुख्यतः आत्याचा आवाज. सकाळी ती पडवीत बसून मोड आलेले वाल सोलायची. बोटांत दाबलेला वाल सालातून सुटकन् निघून परातीत पडायचा, आणि त्या टपटपीबरोबर तिचं बोलणं चालू असायचं. कुणाची सून कशी, कुणाच्या गोठ्याचा वास कुठवर येतो. आई मधूनच “हळू बोला” म्हणायची. आत्या म्हणायची, “हळू बोलून काय करू गो? ज्याचं बोलते त्याला ऐकू गेलं पायजे.” बिरडं शिजायला लागलं की आंबोशीचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि येणारा-जाणारा “काय, आज बिरडं?” असं विचारून पुढे जायचा. हा प्रश्न मी त्या वर्षापर्यंत रोज ऐकला होता. तो बंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आमच्या गावाला स्वतःचं मतदान केंद्र नव्हतं. ओहोळापलीकडच्या गावच्या शाळेत जाऊन मत टाकायचं. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नसे. बाबांना अर्ज लिहायची सवय होती. अर्ज लिहायचा, पोच घ्यायची, उत्तर आलं नाही की पुन्हा लिहायचा. केंद्रासाठी त्यांनी अशा किती खेपा घातल्या त्या मी मोजल्या नाहीत, पण त्या निवडणुकीला केंद्र आमच्या शाळेत आलं आणि गावाला ते मोठं भूषण वाटलं. मतदान यंत्रही त्याच वेळी आलं. आधी कागदावर शिक्का असायचा. मोजणीत सगळ्या गावांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत, मग उमेदवारवार गठ्ठे लावत. त्यामुळे कुठल्या गावानं काय केलं ते नक्की कुणालाच सांगता यायचं नाही. पुढारी गावाला विचारायचे, गाव छातीवर हात ठेवून सांगायचं, आणि तिथे विषय संपायचा. यंत्रानं मोजणी सोपी केली. प्रत्येक केंद्राचं यंत्र वेगळं, म्हणून प्रत्येक गावाचा आकडा वेगळा. हा फरक तेव्हा कुणी आम्हाला समजावला नाही. समजावला असता तरी गावानं स्वतंत्र केंद्र नको म्हटलं नसतं. भूषण ते भूषण.

त्या वेळी गावाचं मागणं एक होतं, ओहोळावर साकव, म्हणजे लहानसा पूल. पावसाळ्यात ओहोळ भरला की वरच्या वर्गातल्या मुलांची पलीकडची शाळा बुडायची, दूध पलीकडे जायचं नाही. ‘आपल्यां’नी साकवाचा शब्द दिला. गावानं उलट शब्द दिला, एकगठ्ठा मतांचा. आमच्याकडे असा शब्द नुसत्या तोंडानं देत नाहीत. गावकीची बैठक देवळात बसली, देवीपुढे नारळ ठेवला आणि घरटी एकानं पुढे होऊन त्यावर हात ठेवला. गावकीचे अध्यक्ष नामदेव तात्या बाजूला उभे राहून प्रत्येकाकडे बघत होते. बाबांनी हात ठेवला तेव्हा त्यांच्या मनात काही किंतु होता असं मला वाटत नाही. साकव त्यांनाही हवा होता.

किंतु संगीताच्या मनात होता. ती तेव्हा रोह्याला कॉलेजात जात होती. संध्याकाळची बस चुकली की कोलाड नाक्यावर उभं राहून कुणा ओळखीच्याची वाट बघायची, आणि घरी येऊन बोलणी खायची. ‘समोरचा’ उमेदवार रोह्याच्या सभेत या बसबद्दल दोन वाक्यं बोलला होता. तेवढ्यावर तिचं मत ठरलं होतं.

“बाबा, मत माझं हाय ना?” ती म्हणाली. “पयलंच हाय.”

“मत तुझं. शब्द घराचा.”

“मला इचारून दिलात?”

परातीवरून मान वर न करता आत्या म्हणाली, “मला तर सासरीपण नाय इचारलं, माहेरीपण नाय. तू निदान भांडतेस तरी.”

“तू कुणाला देणार, आत्या?”

“मी चष्मा इसरून जाणार. बटण दाबलं की आवाज येतो म्हणतात. आवाज आला की घरी.”

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “संगे, उद्या साकव नाय झाला तर गाव म्हणेल मधूच्या घरानं घात केला. मला ते नको हाय.” संगीतानं ताट बाजूला सारलं. पण मतदानाच्या दिवशी ती शाळेतून परत आली आणि उंबऱ्यात चप्पल काढताना एवढंच म्हणाली, “टाकलं तुमच्या शब्दाला.” तिला मी लहानपणापासून ओळखतो. ती चिडते, पण खोटं बोलत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी अधिकारी आले. चौघे कर्मचारी आणि एक पोलीस. केंद्रासाठी धावपळ बाबांनी केलेली, म्हणून त्यांचं जेवण आमच्याकडे. आईनं तांदळाच्या भाकऱ्या, बिरडं, सुकटीची चटणी आणि न खाणाऱ्यांसाठी वेगळी बटाट्याची भाजी केली होती. पडवीत पंगत बसली. आत्यानं विचारलं, “कुठले तुम्ही?”

“आम्ही चौघं पेणकडचे. हा पोलीस मात्र लांबचा, परजिल्ह्यातला.”

“पेणचे? मग पापड आणलेत काय?”

केंद्राध्यक्ष कुठल्याशा हायस्कुलात मास्तर होते. ते हसून म्हणाले, “आणलेत. बायकोनं बांधून दिलेत. पण ते माझ्यापुरते.”

“काढा. आमचं बिरडं एकट्यानं खायाचं नसतं.”

पापड निघाले, आईनं ते भाजून सगळ्यांना वाटले. बाबा त्या मास्तरांशी यंत्राबद्दल बराच वेळ बोलत बसले. बटण दाबल्यावर काय होतं, वीज गेली तर काय, दोनदा दाबलं तर काय. पडवीपुढून जाता-येता गावातल्या चार लोकांनी ते बघितलं. त्या दिवशी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

‘आपले’ निवडून आले. गावात गुलाल उधळला. मोजणीला तात्यांचा पुतण्या प्रतिनिधी म्हणून बसला होता. तो दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन आला. आमच्या केंद्रात अपक्षांना शून्य, समोरच्यांना चार आणि बाकी सगळी मतं आपल्यांना. अख्ख्या मतदारसंघाच्या बेरजेत या चारांना काही किंमत नव्हती. पण साकवाची आठवण द्यायला तात्या रोह्याला गेले तेव्हा ‘आपल्यां’च्या कार्यालयातल्या माणसानं त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं, “तात्या, साकव मागून बांधू. आधी तुमच्या गावात पडलेलं भगदाड बुजवा.” तात्या ते गिळून परत आले आणि देवळात बैठक लावली.

दुपारची वेळ होती. उन्हानं पत्रा तडतडत होता. पहिलं बोट नदीकडेच्या आदिवासी वाडीकडे गेलं, कारण ते नेहमीच तिकडे जातं. वाडीची मतं आमच्याच केंद्रात. ती मंडळी आमच्या गावच्या शेतांवर मजुरीला येत. त्यांना नारळावर हात ठेवायलाही कुणी बोलावलं नव्हतं, ती मतं गावाचीच धरली होती. वाडीवरच्या सोनीबायला बोलावून उभं केलं.

“गाडीत तुम्ही बसवलात, बटण तुम्ही दावलात,” ती म्हणाली. “आता आमच्यावर काय येता?”

“दाबताना कोण बघायला होता?” मागून कुणीतरी म्हणालं.

“बघायला कोण नव्हता ना? मग तुमी तरी कुठं होता?”

लोक हसले, पण आवाज चढायला लागले. तेव्हा बाबा उठले. ते म्हणाले, “पुरावा नसताना गरिबावर कशाला ढकलता? बोलवायचं असेल तर सगळ्यांनाच बोलवा.”

तात्यांनी त्यांच्याकडे सावकाश बघितलं. “वाडीनं नाय केलं हे तुला कसं ठाऊक, मधू? कुणी केलं ते ठाऊक असल्याशिवाय माणूस असा बोलत नाय.”

आणि मग कुणी विचारलं ते मला आजही ठाऊक नाही, पण प्रश्न मी ऐकला. “ह्याच्या घरात मतं किती?”

“चार.”

मी खांबाशी होतो. मी आकड्यांचा माणूस आहे. आयुष्यभर फूट आणि मीटर, गुंठे आणि आर यांतच राहिलो आहे, तरी एखादा आकडा इतका जोरात पडलेला मी पुन्हा ऐकला नाही. चार फुटली, ह्याच्या घरात चार. बेरीज नाही, वजाबाकी नाही, नुसती जोडी. अधिकारी ह्याच्या घरी जेवले. अधिकाऱ्यांशी हाच कुजबुजत होता. केंद्र यानंच आणलं, का आणलं ते आता कळलं. एका क्षणात सगळं जुळून आलं.

तात्यांनी विचारलं, “मधू, तुमची हायत काय?”

“नाय.”

“नारळावर हात ठेवून बोल.”

बाबांनी ठेवला. “नाय.”

“मग आली कुठनं?”

बाबांनी खरं तेच सांगितलं, “मला ठाऊक नाय.” पुढे खूप वर्षांनी मला वाटत आलं की ते तिथेच हरले. गावाला कुणाचं तरी नाव पाहिजे होतं, आणि बाबांकडे द्यायला नाव नव्हतं. त्या दिवशी गावानं आम्हाला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे मारहाण नव्हे, शिवीगाळ नव्हे. ती एक शांतता असते. आई नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या आणि हंडे भरायचा आवाज तेवढा राहायचा. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. तो फक्त आमच्यासाठी तुटलेला होता. आम्ही दळण सायकलवरून कोलाडला नेऊ लागलो. वाण्यानं मीठ दिलं नाही. बाबांचा कंपनीचा पगार होता म्हणून आमची चूल चालू राहिली. ज्या घराला शेतीशिवाय काही नसतं त्याचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हाही येई. लावणीला आमच्याकडे घरोघरच्या लोकांनी एकमेकांच्या शेतावर जायची पद्धत. त्या पावसात आमच्या शेतात आम्ही पाचच जण होतो. आत्या चिखलात वाकल्या वाकल्या म्हणायची, “बरं झालं, कुणाला चहा करायला नको.” बाबा मजुरी रोख देतो म्हणून वाडीवर गेले. सोनीबाय बांधापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

“दादा, तुमी आमच्यासाठी बोललात. आमी इसरलो नाय.”

“मग या ना.”

“आमाला गावातच राह्याचं हाय,” ती म्हणाली आणि मागे वळली.

मला तिचा राग आला होता. आज येत नाही. तिच्याकडे कंपनी नव्हती.

सगळ्यांत वाईट गणपतीत गेलं. बाबांनी पेणहून नेहमीसारखी मूर्ती आणली, बसमध्ये मांडीवर घेऊन. आमच्या गावात घरोघरी फिरून आरत्या होतात. एका घराची झाली की टाळ वाजवत दुसऱ्या घरी. पोरं बाल्या नाचत अंगणं पालथी घालतात, आणि प्रत्येक अंगणात त्यांना काहीतरी खायला मिळतं. आईनं सवयीनं मोठ्या टोपात चण्यांची उसळ केली होती. टाळांचा आवाज शेजारच्या घरी आला, तिथे आरती झाली. आम्ही ताट तयार ठेवून उभे होतो. आवाज आमच्या अंगणापाशी आला आणि पुढे सरकला. जाताना कुणीतरी टाळ थांबवले. आमच्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पावलं वाजली आणि पलीकडे टाळ पुन्हा सुरू झाले. मग आम्ही पाच जणांनी आरती म्हटली. बाबांचा आवाज मुळातच बसका. संगीतानं टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्या मात्र नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, शेजारी ऐकू जाईल अशी. ती उसळ आम्ही दोन दिवस खाल्ली.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहितो आहे ते. संगीताचं लग्न निवडणुकीच्या आधीच ठरलं होतं, पेणजवळच्या एका गावात. मुलगा चांगला होता, तिलाही पसंत होता. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी काढायची होती. भातकापणी चालू असताना मुलाचे चुलते आले. चहा घेतला, घर बघितलं, अंगण बघितलं आणि पानाला चुना लावत म्हणाले, “आमचं काय म्हणणं नाय, मधुकरराव. मत काय, कुणी कुणालाबी देतो. पण वरात आणायची म्हणजे गाव पायजे. मांडवाला माणसं कुठली आणणार? गावकीची भांडी मिळतील काय? उद्या आमचं गाव इचारेल, ह्यांना त्यांच्या गावानं का टाकलंय. आमीपण गावातच राहतो.”

“आम्ही केलेलं नाय,” बाबा म्हणाले.

“नसेल केलं. पण मिटवा.”

ते गेले. मिटवायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावकीपुढे कबूल व्हायचं, नारळावर हात ठेवायचा आणि दंड म्हणून गावजेवण घालायचं. कबूल झालं की गाव परत घेतं. गाव मनानं वाईट नव्हतं, असं लोक मला आजही सांगतात.

संगीता म्हणाली, “माझ्यासाठी खोटं बोलू नका.”

“मग काय करू?”

“मोडा लग्न.”

“आणि पुढचं स्थळ आलं तर ते पण इचारील. त्याच्या पुढचं पण.”

“मी मत तुमच्या शब्दाखातर टाकलं. मला नव्हतं टाकायचं तरी टाकलं. आता तुम्ही माझ्या नावानं सांगणार की नाय टाकलं?” ती रडत नव्हती. “त्यापेक्षा समोरच्यांना दिलं असतं तर बरं झालं असतं. शिक्षा तर तीच झाली. निदान मत तरी माझं झालं असतं.”

आई म्हणाली, “तिचं लगीन होऊ दे. बाकी देव बघेल.” आत्या म्हणाली, “देवीच्याच पुढ्यात खोटं बोलायचं हाय, तर बघेलच.”

भात घरात आल्यावर, एका दुपारी, देवळात बैठक बसली. मी बाबांबरोबर गेलो. त्यांनी कंपनीत जाताना घालायचा शर्ट घातला होता. तात्यांनी विचारलं, “मधू, चार मतं तुमची व्हय की नाय?”

बाबांनी नारळावर हात ठेवला. “व्हय. आमची.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुणाच्या नाय. आमच्याच मनानं.”

“चुकलं काय?”

“चुकलं.”

कुणीतरी मागून म्हणालं, “घ्या. एवढंच बोलायला सहा म्हैने लागले.” लोक हसले. ते हसणं मोकळं होतं, खरंच सुटल्यासारखं. तात्यांनी पुढे होऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “झालं गेलं. पोरीचं लगीन जोरात करू.” त्या खांद्यावरच्या हाताची आठवण मला त्या बहिष्कारापेक्षा जास्त छळते. तात्या प्रेमानंच ठेवत होते तो हात.

गावजेवण झालं. गिरणीचा पट्टा दुसऱ्याच दिवशी जोडला गेला. नळावरच्या बायका आमच्या चुलीपाशी येऊन भाज्या चिरायला बसल्या आणि सहा महिन्यांचं राहिलेलं सगळं आईला सांगून मोकळ्या झाल्या. आत्या मोठ्या टोपापुढे मिठाचं भांडं घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मीठ घालू काय गो? उगाच कुणाला जागायला लागायचं.” बायका हसल्या. दोघी-तिघींनी मान खाली घातली.

लग्न झालं, मांडव भरला. निघताना संगीता आईच्या गळ्यात पडली, आत्याच्या पडली, माझ्या डोक्यावर तिनं टपली मारली. बाबांच्या ती पाया पडली आणि उठली. बोलली नाही. सासरी तिला पहिली काही वर्षं ‘चार फुटलेल्यांची’ म्हणत. थट्टेतच म्हणत. तिनं कधी खुलासा केला नाही, कारण बापानं देवीपुढे कबूल केलेली गोष्ट ती खोडणार कशी. माहेरी ती सणाला यायची, आईशी, आत्याशी तासन् तास बोलायची. बाबांशी तिचं बोलणं “जेवलात काय” एवढ्यावर आलं, आणि ते तिथेच राहिलं.

पुढचा इतिहास मतदारसंघाचा इतिहास म्हणून कुणालाही माहीत आहे. हद्दी बदलल्या, नाव बदललं, आणि एका निवडणुकीत ‘आपले’ आणि ‘समोरचे’ एकाच व्यासपीठावर हार घालून उभे राहिले. आमच्या देवळात पुन्हा नारळ ठेवला गेला, या वेळी समोरच्यांसाठी. ज्यांच्या चार मतांसाठी आम्ही सहा महिने मेलो, त्यांना गावानं सगळी मतं टाकली. मी तात्यांना विचारलं, “मग आता आमचा दंड परत करणार काय?” ते म्हणाले, “तेव्हाची गोष्ट वेगळी होती, बाळा. तेव्हा शब्द होता.” साकव शेवटी कुठल्याशा वेगळ्याच निधीतून झाला. त्याच्या पाटीवर दोघांचीही नावं आहेत, एकाखाली एक.

मी नोकरीला लागलो, लग्न झालं, रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात घर घेतलं. आत्या गेली, आई गेली. बाबांना मी माझ्याकडे आणलं. एका लोकसभेला माझी निवडणूक ड्युटी लागली, पेण तालुक्यात, गागोद्याच्याही आत एका गावी. आधी माझं केंद्र नेहमी बाहेरच्या मतदारसंघात यायचं आणि मी टपालानं मत द्यायचो. या वेळी ड्युटी आमच्याच मतदारसंघात होती, म्हणून मला एक दाखला मिळाला. ज्या केंद्रात काम, तिथेच मत. सकाळी मतदान सुरू झाल्यावर मी आणि माझे तीन सहकारी, एकेक करून, त्या परक्या गावच्या यंत्रावर आमची मतं टाकून आलो.

मी परत येऊन खुर्चीत बसलो आणि पुढचे काही मतदार कोण आले ते मला आठवत नाही. चौघे. पेणकडचे चौघे. पोलीस परजिल्ह्यातला, म्हणजे त्याचं मत तिथे पडणार नव्हतं. आमच्या गावच्या एजंटाकडे गावातल्या किती जणांनी मत दिलं तो आकडा होता, आणि यंत्रातला एकूण आकडाही होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तर एकूण आकडा जास्त निघाला असता. कुणी ठेवले नाहीत. तात्यांनी नाहीत, बाबांनी नाहीत आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोजण्या तपासणाऱ्या मीही नाही. आमच्या पडवीत बसून, आईच्या हातचं बिरडं खाऊन ते शाळेत गेले आणि दुसऱ्या दिवशी आपला हक्क बजावून निघून गेले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, हे मला जास्त कडू लागलं.

घरी आलो तेव्हा बाबा गॅलरीत बसून नदीकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. दाखला, चौघे, परजिल्ह्यातला पोलीस, एकूण आकडा. म्हटलं, मी आत्ताच संगीताला फोन करतो, उद्या गावात जाऊन तात्यांना सांगतो, देवळात सगळ्यांसमोर सांगतो.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्यांनी समोरच्यांना दिलं, हे तुला कुणी सांगितलं?”

“बाबा, चार मतं फुटली आणि बाहेरचे चारच होते.”

“आमच्या घरात पण चारच होते.”

मी हातातला फोन खाली ठेवला.

“ते पेणचे मास्तर,” बाबा म्हणाले, “त्यांनी पापड वाटले. ते आत्ता येऊन म्हणाले, आमी पण आपल्यांनाच दिलं, तर काय करशील?”

“मग कुणी केलं?”

“मला ठाऊक नाय. तेव्हापण नव्हतं.”

मला राग आला. इतक्या वर्षांचा होता, तो त्यांच्यावरच निघाला. म्हटलं, “गावानं आपल्याला नीट विचारायला तरी पाहिजे होतं.”

“इचारलं की,” बाबा म्हणाले. “दोनदा इचारलं. पयल्यांदा मी नाय म्हटलं, दुसऱ्यांदा व्हय म्हटलं. आता तू तिसरं काय सांगणार त्यांना?”